हँडल कोणाच्या हातात?

‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी एक अगदी छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. ती पट्टी सलग फिरवली तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत मातीतून कोंब वर आला, पाने फुटली, वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ हे तिचे नाव. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या आणि १९४४ साली नाशकातच देह ठेवलेल्या या माणसाने आपली विद्या पैसेवाल्यांना पटवून देण्यासाठी ती केली होती. आज तिच्याकडे पाहिले की आणखी काही दिसते: जागचा न हलणारा कॅमेरा, समोर रोजचेच साधे दृश्य आणि त्या दृश्यात पडणारा फरक टिपण्याचा ध्यास.

कॅमेऱ्याचे हँडल कधी फिरवायचे हे फाळके स्वतः ठरवत होते. घरावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याला ती वेळ स्वतःच ओळखावी लागते. घरातले लोक झोपलेले असतात, कामावर गेलेले असतात, लग्नाला गावी गेलेले असतात. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांपैकी कोणते चाळीस सेकंद महत्त्वाचे, हे यंत्राने ठरवायचे आणि तेवढे जपून ठेवायचे. ठरवण्याची रीत कोणती आणि जपण्याची जागा कोणाच्या मालकीची, या दोन प्रश्नांभोवती हे पुस्तक उभे आहे. साधा वेबकॅम, घरच्या नेटवर्कला जोडलेली हार्ड डिस्कची पेटी म्हणजेच एनएएस, आणि हालचाल ओळखणारा एक प्रोग्राम, एवढेच त्याचे सामान.

नाशिकचा द्वारका चौक ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे वर्णन नको. वर उड्डाणपुलावरून मुंबई-आग्रा महामार्ग, खालून पुण्याकडे फुटणारा रस्ता, एका अंगाला सारडा सर्कल आणि जुने नाशिक, जवळच काठे गल्ली. रहदारी रात्रीसुद्धा थांबत नाही. समजा, इथल्या एखाद्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या, रस्त्याकडे तोंड असलेल्या गॅलरीच्या ग्रिलला कोणी वेबकॅम बांधला. चित्र ६४० बाय ४८०, म्हणजे ३,०७,२०० ठिपके. ‘मोशन’ नावाचा जुना, मोफत प्रोग्राम त्यातले १,५०० ठिपके बदलले की हालचाल झाली असे धरतो. कोणी हात लावला नाही तर त्याची मर्यादा तेवढीच असते. जेमतेम अर्धा टक्का. वाऱ्याने तुळशीची फांदी हलली तरी तो भरतो. वळण घेणाऱ्या ट्रकच्या हेडलाइटचा पट्टा भिंतीवरून सरकतो तेव्हा तर निम्मे चित्र बदलते. सकाळी उठून पाहावे तर शेकडो क्लिपा, आणि एकीतही माणूस नाही. चौथ्या दिवशी घरातले कोणी त्या उघडतही नाही. पाचव्या रात्री खरोखरच कोणी गॅलरीत उतरले, तर त्याची क्लिप त्या ढिगात तशीच पडून राहते.

घरच्या कॅमेऱ्याचे अपयश बहुतेकदा असेच असते. कॅमेरा चालू असतो, डिस्कवर जागा असते, पण ‘लांडगा आला रे आला’ ऐकून ऐकून घर बहिरे झालेले असते.

म्हणून या विषयाचा गाभा कॅमेऱ्याच्या किमतीत किंवा मेगापिक्सेलमध्ये शोधू नये. तो आहे ‘काय सोडून द्यायचे’ हे ठरवण्यात. ‘मोशन’मध्ये त्याची साधने आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत. चित्राचा जो भाग पाहायचाच नाही, म्हणजे रस्ता, तुळस, समोरचे झाड, त्याच्यावर काळा मुखवटा चढवता येतो. एका झटक्यात चित्राचा फार मोठा भाग बदलला तर तो दिव्याचा खेळ समजून सोडून दे, असे सांगता येते. हेडलाइटवर हा उतारा बराच लागू पडतो. हालचाल एका चौकटीत, म्हणजे फ्रेममध्ये, दिसून भागणार नाही, लागोपाठ तीन-चार चौकटींत दिसली तरच मोज, अशी अट घालता येते. आणि सर्वांत मोलाची सोय म्हणजे हालचालीच्या आधीच्या काही चौकटी हाताशी धरून ठेवणे. नाहीतर क्लिप सुरू होते तेव्हा माणूस कॅमेऱ्याला पाठ करून निघालेला असतो.

स्वतः वाट पाहणारा कॅमेरा ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. वनखात्यातले इंग्रज अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात उत्तर भारतातल्या जंगलात वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडे आणि वाघ आपला फोटो आपणच काढी. त्याच कुळातला आजचा कॅमेरा ट्रॅप अंगाच्या उष्णतेतला फरक हेरतो. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कॅमेरे उसाच्या शिवारात, वस्त्यांच्या जवळ लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले, तेही अभयारण्याबाहेर, दाट वस्तीच्या शेतमुलखात. बिबट्या चुकून गावात येतो, हा समज त्या चित्रांपुढे टिकला नाही. गप्प बसलेला कॅमेरा केवढे काम करू शकतो याचा महाराष्ट्रातला इतका चांगला दाखला दुसरा सापडणार नाही. मात्र उष्णता हेरणारा डोळा आणि चित्रातले ठिपके मोजणारा डोळा यांत मोठे अंतर आहे. पहिल्याला तुळशीची फांदी सहसा दिसत नाही. दुसऱ्याला ती वगळायला शिकवावे लागते.

घरच्या कॅमेऱ्याची कथा न्यूयॉर्कला सुरू होते. क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या नर्सच्या कामाच्या वेळा अवेळी असत, आणि दाराशी कोण आले आहे हे दार न उघडता कळावे ही तिची गरज होती. दाराला एकावर एक भोके, त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आत टीव्हीचा पडदा, दोन्हीकडून बोलण्याची सोय, असे तिने नवऱ्याच्या मदतीने आखले. १९६६ चा अर्ज, १९६९ साली पेटंट. आज दाराच्या बेलमध्ये बसवलेला कॅमेरा विकणाऱ्या कंपन्यांनी मूळ कल्पनेत फार भर घातलेली नाही.

वेबकॅमचा जन्म मात्र कॉफीच्या भांड्यापाशी झाला. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात भांडे एका खोलीत आणि माणसे अनेक मजल्यांवर. चालत यावे तर भांडे रिकामे. १९९१ मध्ये तिथल्या मंडळींनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि १२८ बाय १२८ ठिपक्यांचे करडे चित्र आपापल्या पडद्यावर आणले. १९९३ पासून जग ते पाहू लागले आणि २००१ मध्ये तो कॅमेरा बंद झाला. १९९६ साली स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने थेट नेटवर्कला जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला. पुढे यूएसबी वेबकॅमसाठी सगळ्यांनी मिळून एक प्रमाण ठरवले, त्यामुळे लिनक्सवर चालणाऱ्या जवळपास कुठल्याही यंत्राला वेबकॅम खोचता येऊ लागला.

इथून पुढे हा इतिहास छंदिष्टांचा आहे, आणि तो प्रेमाने सांगावा असा आहे. ‘मोशन’ला नेदरलँड्सच्या येरुन व्रेकेन यांनी सुरुवात केली. इंग्लंडच्या फिलिप कूम्ब्स यांच्या गॅरेजमधून हत्यारे चोरीला गेली. कॅमेरा लावू लावू म्हणता राहून गेल्याची हळहळ त्यांना लागली आणि त्यातून ‘झोनमाइंडर’ हा प्रोग्राम आला. २००४ मध्ये लिंक्सिसने एनएसएलयू२ नावाची चिमुकली पेटी काढली. यूएसबी हार्ड डिस्क नेटवर्कवर आणणे एवढेच तिचे काम. आत फक्त ३२ एमबी मेमरी. पण ती लिनक्सवर चालते हे कळल्यावर हौशी लोकांनी तिच्यात हवे ते प्रोग्राम बसवले, वेबकॅम जोडला, आणि महागड्या रेकॉर्डरचे काम त्या पेटीकडून करून घेतले. घरच्या साठवणपेटीला डोळा फुटला तो असा. मग सिनॉलॉजी, क्यूनॅप या तैवानी कंपन्यांनी तीच सोय आपल्या एनएएसमध्ये रीतसर दिली आणि २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पायने ती विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडेल अशी केली.

हालचाल ओळखण्याचे तीन पंथ मानता येतील. पहिला वजाबाकीचा: आधीच्या चित्रातून आताचे वजा करा, उरते ती हालचाल. ‘मोशन’ मूळचा याच पंथातला. दुसरा पार्श्वभूमी शिकणारा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या क्रिस स्टॉफर आणि एरिक ग्रिमसन यांनी १९९९ मध्ये दाखवले की प्रत्येक ठिपक्याला एकच नेहमीचा रंग असतो असे धरू नये, दोन-चार असू शकतात. झुलत्या फांदीमागच्या ठिपक्याला कधी हिरवा तर कधी आभाळाचा रंग असतो, आणि दोन्ही त्याचे रोजचेच. वाऱ्याचा प्रश्न त्यामुळे बराच हलका झाला. तिसरा पंथ वस्तू ओळखणारा. २०१५ मध्ये ‘योलो’ ही पद्धत आली आणि चित्रात माणूस आहे, कुत्रा आहे की मोटार आहे हे संगणक झटपट सांगू लागला. घरगुती वापरातला ‘फ्रिगेट’ हा प्रोग्राम याच वाटेचा.

नव्या पंथाने जुना मोडीत काढला असे कोणी सांगितले तर मानू नये. ‘फ्रिगेट’ सुद्धा आधी स्वस्तातली वजाबाकी करतो, आणि जिथे काही हललेले दिसते तेवढ्याच तुकड्यावर माणूस शोधण्याचे महाग काम लावतो. एनएएसचा प्रोसेसर दुबळा असतो; प्रत्येक चौकटीत माणूस शोधायला लावले तर घरातले फोटोसुद्धा उघडेनासे होतात. म्हणून ज्याला वजाबाकी नीट कळली, त्यालाच पुढचे सगळे कळते. पुस्तकाने तिच्यावर इतका वेळ घालवला आहे तो यासाठी, आणि हा निर्णय योग्य आहे.

आता साठवण. सेकंदाला दोन मेगाबिटचे रेकॉर्डिंग दिवसभर चालू ठेवले तर एका कॅमेऱ्याचे सुमारे २१.६ जीबी होतात. चार कॅमेरे, तीस दिवस: अडीच टीबीच्या वर. तेच दिवसातून एकूण दोन तासांच्या हालचालीपुरते ठेवले तर एका कॅमेऱ्याचे १.८ जीबी. सीसीटीव्हीच्या धंद्यातली जुनी माणसे सलग रेकॉर्डिंगचाच आग्रह धरतात, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही: हालचाल ओळखण्यात चूक झाली तर मागे काहीच उरत नाही. मधला मार्ग असा की हलक्या दर्जाचे चित्र आठवडाभर सलग ठेवायचे आणि घटनांचे चांगल्या दर्जाचे चित्र महिनाभर.

मराठी वर्तमानपत्रांत घरफोडीच्या बातमीखाली एक ओळ वारंवार येते: जाताना चोरट्यांनी डीव्हीआरही नेला. टीव्हीखाली, सर्वांना दिसेल अशा जागी ठेवलेल्या रेकॉर्डरची ही गत. एनएएसला तीच भीती आहे, आणि दोन डिस्कवर एकच माहिती ठेवण्याची सोय इथे कामाला येत नाही, कारण चोर दोन्ही डिस्का एकदमच नेतो. पेटी माळ्यावर किंवा कपाटात, वारा लागेल अशी ठेवावी. घटनेचे एखाद-दोन फोटो कुलूपबंद करून लगेच घराबाहेरच्या दुसऱ्या डिस्कवर जावेत. यूएसबीची साधी केबल पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही, त्यामुळे माळ्यावरची पेटी आणि दारावरचा वेबकॅम यांची गाठ प्रत्येक घरात पडेलच असे नाही. शिवाय काही एनएएसच्या नव्या आवृत्त्यांनी यूएसबी उपकरणांचा आधार काढून घेतला आहे. अशा वेळी जुना मोबाइल किंवा वाय-फायचा कॅमेरा पुढे करावा लागतो. लाइट जाण्याचा प्रश्न आहेच. एनएएस आणि राउटर दोन्ही यूपीएसवर हवेत. राउटर विसरला तर पेटी जागी आणि वाय-फायचा कॅमेरा आंधळा.

हे सगळे स्वतः करण्याऐवजी कंपनीच्या क्लाऊडवर टाकून मोकळे का होऊ नये? पुष्कळ लोक तेच करतात. पण त्या सोयीत घराची रोजची दिनचर्या, मुले शाळेतून किती वाजता येतात, आजी दुपारी एकटी कधी असते, हे परक्याच्या यंत्रावर साठत जाते. महिन्याची वर्गणी थांबली की रेकॉर्डिंगही थांबते. घरची आठवण घरच्याच छपराखाली असावी, ही या पुस्तकाची भूमिका आहे, आणि ती पटण्यासारखी आहे.

त्या भूमिकेची किंमतही मोजावी लागते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या किड्याने कारखान्यातून आला तोच पासवर्ड ठेवलेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि त्या फौजेने ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांची वाट अडवली. एनएएसही सुटले नाहीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये ‘क्यूलॉकर’ आणि २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या हल्ल्यांत इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या क्यूनॅप पेट्यांमधल्या फायलींना कुलपे लागली आणि मालकांकडे खंडणी मागितली गेली. घरचे फोटो, कागदपत्रे आणि कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग एकाच पेटीत असेल तर कॅमेऱ्यासाठी उघडलेली खिडकी सगळ्या कपाटापर्यंत पोचते. भारत सरकारने एप्रिल २०२५ पासून विक्रीच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची केली आहे. ती कॅमेऱ्याची झाली. पेटीचा पासवर्ड आणि राउटरची दारे ज्याची त्यानेच पाहायची.

फुटेज हाती असणे आणि ते पुराव्याला टिकणे या दोन गोष्टी वेगळ्या, हे महाराष्ट्राने जालन्याच्या खटल्यातून शिकले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथला एक उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला का, हा वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर कॅमेरे होते, चित्रण होते. अडचण आली ती त्याच्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राची. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्रच हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने ती अट पुढे नेली. प्रमाणपत्राच्या नमुन्यात आता फायलीची हॅश किंमत, म्हणजे तिचा गणिती अंगठा, नोंदवावा लागतो. घरच्या एनएएसवर तो अंगठा रेकॉर्डिंग होताक्षणी आपोआप घेता येतो. मोबाइलवर आलेल्या, तीनदा पुढे ढकललेल्या क्लिपला ते भाग्य नाही.

आणि शेजारी? पॅसेजमधला कॅमेरा समोरच्या फ्लॅटच्या उघड्या दारातून त्यांचा दिवाणखाना पाहत असेल तर तो संरक्षण करतो की त्रास देतो? व्यक्तिगत माहितीचा २०२३ चा कायदा माणसाने स्वतःच्या घरगुती कामासाठी केलेल्या वापराला सूट देतो. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले आहे, आणि कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये राहत्या घराच्या आत सहरहिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवण्याला मनाई केली. तुळशीवर चढवायचा तोच काळा मुखवटा शेजारच्या दारावर चढवता येतो. दहा मिनिटांचे काम आहे. ते न करण्याला सबब नाही. घरकामाला येणाऱ्या बाईंना कॅमेरा कुठे आहे हे आधी सांगणे, हेही त्यातच आले.

खासगीपणा राखून काम भागवण्याचे एक सुंदर उदाहरण नाशकात घडलेले आहे. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत जवळपास चाळीस भाविक गेले. पुढच्या, २०१५ च्या सिंहस्थाच्या तयारीत नाशिकचेच रमेश रासकर, एमआयटीत प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करणारे कॅमेरे घडवणारे शास्त्रज्ञ, यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ हे नवकल्पनांचे शिबिर भरले. तिथे निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने साथीदारांबरोबर ‘आशिओतो’ नावाची चटई केली. तिच्यावर पाऊल पडले की मोजले जाई. किती माणसे कुठून गेली हे कळे, कोण गेले हे कळत नसे. फरक टिपायचा आणि चेहरा सोडून द्यायचा, असा त्या चटईचा धडा. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, शहर कॅमेऱ्यांनी भरत चालले आहे, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरापुढेही तोच प्रश्न छोट्या आकारात उभा आहे.

मराठीत या विषयावर आजवर जे मिळते ते बहुतेक विक्रेत्यांच्या पत्रकांतून किंवा मोबाइलवरच्या घाईच्या व्हिडिओंतून. हे पुस्तक कोणतीही पेटी घ्यायला सांगत नाही. बिनवापराचा वेबकॅम, जुना लॅपटॉप किंवा घरात असलेले एनएएस यांपासून ते सुरुवात करते, प्रत्येक आकडा कुठून आला हे सांगते आणि तो आपल्या घरासाठी बदलायला लावते. चेहरे ओळखण्याचा विषय त्याने जाणूनबुजून बाहेर ठेवला आहे. सोसायटीच्या पंचवीस कॅमेऱ्यांचे जाळेही त्यात नाही. ते व्यावसायिकांचे काम.

पहिलाच प्रयोग मात्र चुकवू नये. त्यात हालचाल ओळखणे बंद ठेवून एक अख्खा दिवस सलग रेकॉर्ड करायचा आणि नंतर तो वेग वाढवून, हातात वही घेऊन पाहायचा. दूधवाला किती वाजता, पेपर किती वाजता, ऊन भिंतीवरून कुठून कुठे सरकले, मांजर कोणत्या कठड्यावरून गेले, हेडलाइटचा पट्टा दाराच्या कोणत्या कोपऱ्याला लागला, तुळशीची सावली संध्याकाळी उंबऱ्यापर्यंत किती वाजता पोचली. पुढचे सारे आकडे त्या वहीतून काढायचे आहेत.